मेक्सिकोचं ताट आणि बाकीचे देश : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

५ डिसेंबर

प्रदर्शनाचं पक्कं झालं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, वाचनालयाचा मोठा हॉल मिळालाय, आणि विषय एका देशाचं खाणं नि त्याची बाकी देशांशी तुलना. देश कुठला घ्यायचा यावर बराच वेळ गेला. वाचनालयाच्या सरांना इटली हवा होता, पिझ्झा-पास्ता पोरांना माहितेय, गर्दी होईल म्हणाले. मी मेक्सिकोवर अडून बसले आणि शेवटी तोच ठरला. कारण साधं आहे, सोलापुरात बसून आपण रोज जे खातो त्यातलं कितीतरी तिकडून आलंय. मिरची तिथली, मका तिथला, टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतले पण त्याची शेती मेक्सिकोत रुळली. राजमा, घेवडा, अ‍ॅव्होकाडो, व्हॅनिला, टर्की, आणि चॉकलेट करायची मूळ रीतसुद्धा. एवढं जगाला देणाऱ्या देशाबद्दल आपल्या पोरांना माहिती काय तर कुरकुरीत कवचाचा टाको, तोही अमेरिकन साखळी दुकानांनी पसरवलेला.

टीम : मी, माझ्या दोन मैत्रिणी (दोघी निवृत्त शिक्षिका), अकरावीच्या काही मुली, चित्रांसाठी एक दादा.

९ डिसेंबर

मुलींनी प्रत्येक देशाच्या प्रसिद्ध पदार्थांची यादी करून आणली. मेक्सिकोसमोर टाको, इटलीसमोर पिझ्झा, जपानसमोर सुशी, भारतासमोर बिर्याणी. दिसायला छान, पण एका मुलीनेच विचारलं की मॅडम यातून कळतं काय? आणि खरंच, पदार्थ शेजारी शेजारी ठेवले की फक्त चित्रं शेजारी येतात.

त्यात पदार्थ कुणा एका देशाचे नसतातच. मेक्सिकोत उभ्या सळईवर मांस लावून भाजतात आणि कातून टाकोत घालतात, ताकोस आल पास्तोर. तर ही रीत लेबनॉनहून आलेल्या लोकांनी नेली, पुएब्ला शहरात १९३० च्या सुमारास त्यांचे ताकोस आराबेस सुरू झाले, मग मेक्सिकोच्या लोकांनी त्यात डुकराचं मांस, मिरच्यांचं नि आचिओते नावाच्या लाल बियांचं वाटण आणि वर अननस आणला. लेबनॉनच्या शावर्मातून ताको. तसंच १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को गलबतं चालली, त्या वाटेने आशियातला आंबा मेक्सिकोत पोचला. चिंचेचं सरबत तर तिथे इतकं घरचं आहे की ती बाहेरून आली हे सांगावं लागतं (मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे फार पूर्वीच रुजलेली).

म्हणून यादी बाजूला ठेवायचं सगळ्यांनी ठरवलं. मग तुलना कशाची करायची यावर विचार चालू.

१४ डिसेंबर

आज युनेस्कोच्या वारशाच्या यादीवर बसलो आणि धागा सापडल्यासारखं वाटलं. २०१० मध्ये मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक आणि फ्रेंचांचं जेवण दोन्ही एकाच वर्षी यादीत गेले. पण नोंदी वाचल्या तर किती वेगळ्या! फ्रान्सची नोंद आहे ती जेवण्याच्या सोहळ्याची, म्हणजे जवळची माणसं जमणं, टेबल मांडणं, कशाबरोबर कुठली वाइन, पदार्थ कुठल्या क्रमाने. मेक्सिकोची नोंद शेतापासून सुरू होते, मिल्पा नावाची मिश्र पिकाची पद्धत, मका चुन्यात शिजवणं, दगडी पाटा, मिचोआकान प्रांतातल्या स्वयंपाक करणाऱ्या बायका. जपानचं वाशोकु, म्हणजे तिथली पारंपरिक जेवणाची रीत, २०१३ मध्ये आलं ते नव्या वर्षाच्या सणाला धरून, आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियाचं किमजांग आलं, म्हणजे हिवाळ्याआधी गावाने मिळून किमची (कोबीचं आंबवलेलं लोणचं) घालून ठेवणं. यात कुठेही "आमचा हा पदार्थ बघा" नाहीये, सगळीकडे काम आहे, रीत आहे.

तर मी सरळ प्रस्ताव मांडला. प्रत्येक देशाचं मुख्य धान्य घ्यायचं आणि त्या देशाला त्या धान्याबद्दल काय कळलंय ते बघायचं. मेक्सिकोचा मका मधोमध ठेवायचा आणि तोच मका जिथे जिथे गेला तिथे त्याचं काय झालं हे दाखवायचं. सगळे तयार झाले. मला आज फार बरं वाटतंय.

१९ डिसेंबर

मधल्या पॅनलचा मजकूर लिहिला. लांब झालाय, कापायचाय, पण इथे सगळा ठेवते.

मका हा माणसाने घडवलेला. दक्षिण-पश्चिम मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण ९००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या गवतापासून तो तयार होत गेला. तेओसिंतेचं कणीस बोटभर, दाणे मोजके आणि दगडासारखे टणक. पिढ्यान् पिढ्या निवडत निवडत आजचं कणीस आलं.

मग दुसरा शोध, तो मला पहिल्याएवढाच मोठा वाटतो. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा, साल निघून जाते, मग ओला वाटायचा. दाण्याला म्हणतात निक्स्तमाल, वाटलेल्या गोळ्याला मासा. त्याच्याच तोर्तिया म्हणजे पातळ भाकऱ्या, त्याचेच पानात गुंडाळून वाफवलेले तामालेस, तोच पातळ करून गरम गरम पितात तो आतोले. मक्यात नायसिन म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक असतो, पण तो असा बांधलेला असतो की पोटात गेला तरी शरीराला नीट मिळत नाही. चुना तो मोकळा करतो. वर कॅल्शियम मिळतं, आणि स्पॅनिश लोक येईपर्यंत तिथे दूधदुभत्याची जनावरं नव्हती म्हणजे हे कॅल्शियम किती मोलाचं होतं बघा. तिसरं म्हणजे पीठ चिकटतं. मक्यात ग्लुटेन नाही, पण चुन्याने सालीचे नि दाण्याचे घटक विरघळून चिकट होतात म्हणून तोर्तिया पातळ थापता येते आणि दुमडली तरी तुटत नाही.

शेतातही तेच शहाणपण. मिल्पामध्ये मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकतात. मक्याच्या प्रथिनात जे कमी ते घेवड्यात असतं. आपल्याकडे बाजरीत तूर आणि रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी असतात, ती पिकं मुलींना लगेच आठवली, त्यामुळे हे समजावून सांगायला वेळ लागला नाही.

२३ डिसेंबर

आज घरी करून बघितलं. मका मिळवणं हेच मोठं काम होतं कारण इथल्या बाजारात मका येतो तो बहुतेक कोंबडीखाद्याला, आणि बियाण्याच्या मक्याला औषध चोळलेलं असतं ते अजिबात वापरायचं नाही. शेवटी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून घरच्यासाठी ठेवलेला वाळलेला मका आणला. स्वीटकॉर्नने हे होत नाही, वाळलेला टणक दाणाच लागतो.

प्रमाण : १ किलो मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खायचा चुना. भिंतीला लावायचा चुना नाही, हे पॅनलवर ठळक लिहायचं. स्टीलच्या पातेल्यात, अ‍ॅल्युमिनियम नको. पाऊण तास मंद शिजवला, दाणे पिवळेधमक झाले आणि घरभर असा वास सुटला की तो मक्याच्या भाकरीचाही नाही आणि कणसाचाही नाही, वेगळाच. सकाळी साल हातात नुसती सरकत होती. बाजूला थोडा मका बिनचुन्याचा तसाच शिजवून ठेवला होता तुलनेसाठी, त्याची साल काही सुटली नाही.

मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं म्हणून शेजारच्या मावशींकडे पाट्यावर वाटला. मावशी आयुष्यभर भाकऱ्या करत आल्यात, त्यांनी चुन्यात शिजवलेल्या मक्याचा गोळा हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं याला उकळतं पाणी नको की, हा आपसूक धरतोय." बरोबर! ज्वारीच्या किंवा मक्याच्या पिठाला आपण कढत पाणी घालून मळतो ते स्टार्चला चिकटपणा यावा म्हणून, पंजाबात मक्की की रोटीलाही तेच करतात. एकाच अडचणीवर दोन देशांच्या दोन वाटा. बिनचुन्याच्या वाटणाची तोर्तिया तव्यावर टाकतानाच तुटली, चुन्याची लोखंडी तव्यावर फुगली. फोटो काढलेत, दोन्ही शेजारी शेजारी लावणार.

२ जानेवारी

युरोपचं पॅनल. हे लिहिताना त्रास झाला.

मका युरोपात पोचला तो १४९३ मध्ये कोलंबसच्या पहिल्या सफरीनंतर, म्हणजे कॅरिबियन बेटांवरून. चुन्यात मका शिजवणारा मध्य मेक्सिको स्पॅनिशांनी बघितला १५१९ नंतर. दाणे आधीच निघून गेले होते. आणि नंतरही कुणी ती रीत नेली नाही, कारण युरोपात पाणचक्क्या होत्या, वाळका मका सरळ दळता येत होता, मग चुन्यात भिजवा, चोळा, धुवा हे उपद्व्याप करायचे कशाला? मेक्सिकोत हे काम बायकांचं, गुडघ्यावर बसून मेतातेवर म्हणजे दगडी पाट्यावर रोज कित्येक तास चालणारं. जिंकायला गेलेल्यांना त्यात शिकण्यासारखं काही दिसलं नाही.

परिणाम : १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरांनी एका रोगाची नोंद केली, गरीब, मका खाणारी माणसं, उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन सोलवटते, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा. मग जुलाब, मग बुद्धिभ्रम, मग मृत्यू. हाच पेलाग्रा. उत्तर इटलीत जमीनदार गहू विकायचे आणि शेतमजूर सकाळ-संध्याकाळ पोलेंता खायचे, म्हणजे मक्याचा घट्ट शिरा, बरोबर जवळजवळ काही नाही. १८८१ च्या पाहणीत इटलीत एक लाखाहून जास्त रोगी निघाले. रोमानियात मामालिगा, तोही मक्याचा शिराच, पीक तेच, रोग तोच. चेझारे लोम्ब्रोसोसारखे त्या काळचे मोठे नावाजलेले विद्वान म्हणत राहिले की दोष कुजक्या मक्याचा. आणि मेक्सिकोत मका हेच मुख्य अन्न असून हा रोग असा पसरलेला नव्हता.

सरांना इटली हवा होता, तर इटलीचं हे पॅनल त्यांनाच वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले पिझ्झ्याच्या चित्राची जागा याला द्या.

८ जानेवारी

अमेरिकेचं पॅनल मुलींनी केलं आणि चांगलं केलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस पिकवणारे गरीब लोक मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यावर जगत होते, आणि पेलाग्राची साथ. तिथल्या मूळ रहिवाशांना राखेच्या पाण्यात मका सोलायची रीत माहीत होती, पण गिरण्यांतलं पीठ वेगळंच, अंकूर काढून टाकलेलं. सगळे समजत होते की रोग संसर्गाचा आहे. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना पाठवलं. त्यांनी बघितलं की अनाथाश्रमात, वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना होतो पण तिथे काम करणाऱ्यांना होत नाही, मग संसर्ग कसला? जेवण वेगळं आहे. लोकांची खात्री पटावी म्हणून त्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या पत्नीनेही घेतलं, दोघांनाही काही झालं नाही. १९२९ मध्ये ते गेले, नेमका घटक तोवर सापडला नव्हता. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हीयेम यांनी दाखवलं की तो नायसिन. मुलींना गोल्डबर्गरबाईंबद्दल आणखी लिहायचंय, त्यांना मोकळीक दिली.

१५ जानेवारी

काल संक्रांत, बाजरीची भाकरी तीळ लावून, भोगीची भाजी, सगळं झालं. आज भारताचं पॅनल. आधी आम्ही भारतासाठी मिरची एवढंच धरलं होतं, पण मला वाचताना जे सापडलं ते आपल्या दारातलं आहे.

१९६० मध्ये हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवून दिलं की दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा होतोय. ज्वारी! मका नव्हे. त्यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं, त्यावर पुढे बराच वाद झाला, सगळ्यांना ते कारण पटलं नाही, पण रोगी होते ही गोष्ट खरी होती.

माझ्या मैत्रिणीला हे लावायला नको वाटतंय, लोक म्हणतील ज्वारी वाईट. मी म्हटलं उलट आहे. भाकरीबरोबर सोलापुरात काय असतं? शेंगाचटणी. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन आहे. नुसती भाकरी आणि मीठ-मिरची खाऊन माणूस आजारी पडतो, चटणी, आमटी, ताक बरोबर असलं की नाही पडत. रोग ज्वारीचा नाही, ताटात दुसरं काही नसण्याचा आहे. पंजाबातही मक्याची रोटी बिनचुन्याचीच, पण ती हिवाळ्यापुरती, सोबत साग, लोणी आणि लस्सी.

याचा पुरावा आफ्रिकेतल्या मलावी देशात मिळाला. १९९० मध्ये तिथे मोझांबिकहून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत हजारो लोकांना पेलाग्रा झाला. रेशनमध्ये मका होता तो चालू राहिला, शेंगदाणे येणं बंद झालं. एवढंच. १९३७ मध्ये कारण कळलेलं, आणि १९९० मध्ये हे.

वाद संपला, पॅनल लागणार. खाली शेंगाचटणीचा फोटो मोठा.

२४ जानेवारी

मिरचीचं पॅनल, छोटं. कोरियाची किमची आणि हंगेरीची पापरिका (तिथलं लाल तिखट) दोन्ही मेक्सिकोहून निघालेल्या मिरचीवर उभ्या, आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, गोव्याच्या बाजूने. फरक वापरण्यात आहे. मेक्सिकोत सुकी मिरची तव्यावर शेकवून गरम पाण्यात भिजवतात, वाटतात, आणि ते वाटण तेलात परततात. मोले नावाच्या त्यांच्या घट्ट रश्श्यात तर तीन-चार जातींच्या मिरच्या, तीळ, बदाम, दालचिनी, लवंग, थोडं चॉकलेट. ताजी पोब्लानो मिरची सुकली की आंचो, हालापेनो धुरावर सुकवली की चिपोत्ले, प्रत्येकीची चव वेगळी धरतात. आपण ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला घेतो पण शेवटी बहुतेक कांडपातून भुकटी करून डब्यात. आणि ठेचा? तो मात्र त्यांच्या दगडी खलातल्या साल्साचा, म्हणजे चटणीचा, सख्खा भाऊ आहे.

जपानचं आणि फ्रान्सचं पॅनल अर्ध्या पानाचं ठेवलंय. दोन्ही देशांवर सगळीकडे भरपूर असतं.

५ फेब्रुवारी

आज अचानक एक जुनी गोष्ट हाती लागली ती मधल्या पॅनलला जोडतेय. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकोच्याच राजकारण्याने लिहिलं होतं की गहू खाणारे लोक पुढारलेले आणि मका खाणारे मागे पडलेले. म्हणजे स्वतःच्याच देशातल्या अन्नाला त्याने देशाच्या मागासपणाचं कारण ठरवलं. आपल्याकडे भाकरी गरिबाची आणि चपाती पाहुण्यांना हे मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे हे वाचून राग आला. पुढे तोच मेक्सिको मका मिरवत युनेस्कोत गेला. आता तिथे तयार निक्स्तमालचं पीठ पिशवीत मिळतं, ते मोठ्या प्रमाणावर बनवणारी कंपनी १९४९ मध्ये उत्तरेकडच्या नुएवो लिओन राज्यात सुरू झाली. पाट्यावरचं मोडून पडणारं काम त्यामुळे हलकं झालं हे मला चांगलंच वाटतं, जुन्या जातींच्या मक्याची चव त्यात येत नाही असं तिथले लोक म्हणतात तेही लिहिलंय.

२१ फेब्रुवारी

तयारी : चुना नेहमीच्या पानवाल्याकडून सीलबंद डब्या. मका आदल्या रात्री दोन पातेल्यांत. मावशी आणि त्यांच्या जाऊबाई तव्यावर. घेवड्याची उसळ, टोमॅटो-मिरची भाजून वाटलेली साल्सा, वर कोथिंबीर. चीज नाही. अ‍ॅव्होकाडो परवडत नाही आणि त्याच्यावाचून अडत नाही.

१ मार्च

काल झालं. गर्दी दुपारनंतर वाढली. लोक थांबून वाचत होते ते इटलीच्या आणि आपल्या पॅनलपाशी. तोर्तिया संध्याकाळी पाचलाच संपल्या.

मंगळवेढ्याकडच्या एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. सगळं बघून त्यांनी मला विचारलं, "मग बाई, जोंधळ्याला चुना लावला तर?" मला हा प्रश्न फार आवडला कारण तो नुसता कल्पनेतला नाहीये. होंडुरास आणि एल साल्वादोरमध्ये कोरड्या भागातले शेतकरी ज्वारी पिकवतात आणि तिच्या तोर्तिया चुन्यात शिजवूनच करतात. ज्वारी आफ्रिकेतून तिकडे गेली आणि तिथल्या लोकांनी मक्याची रीत तिला लावली. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या मालदांडी पाठवून देते, करून बघा.

९ मार्च

आजींची मालदांडी आली. ज्वारीचा दाणा लहान, मक्याएवढा वेळ लागत नाही, चुनाही निम्मा घेतला. वीसेक मिनिटं शिजवून झाकून ठेवला. धुतल्यावर दाणे हिरवट-पिवळे दिसतात, पांढरेशुभ्र राहत नाहीत. वाटण मक्यापेक्षा मऊ, थापताना जरा सैल. भाकरी फुगली, पण चव वेगळी आहे, चुन्याचा वास किंचित येतो, मावशींच्या मते आणखी दोन पाण्यांनी धुवायला हवं होतं. पुढच्या वेळी चुना अजून कमी, धुणं जास्त, आणि बरोबर बिनचुन्याची एक ठेवायची म्हणजे फरक कळेल. आजींना फोन करून सांगितलंय, त्यांच्याकडे अजून ज्वारी आहे.